खालचा आकडा

काटा एकशे ऐंशीवरून निघाला आणि सावकाश खाली घसरू लागला. दीडशेच्या जरा खाली तो अडखळला, आणि मग ठोक्यागणिक केसभर उडत, पुन्हा सावरत खाली येत राहिला. सिस्टर त्या उडण्याकडे एकटक बघत होत्या. स्टेथोस्कोप दोन्ही कानांत नीट बसला होता, त्याची चकती मास्तरांच्या कोपराच्या खोबणीत अचूक जागी होती, आणि कानांत काहीही येत नव्हतं. डाव्या हाताची दोन बोटं मात्र त्यांच्या मनगटावर होती. एकशे अडतीसला नाडी बोटांखाली परत आली. तेवढं खरं होतं.

वरचा आकडा बोटांनाही कळतो. खालच्याला कानच लागतो. दंडातला आवाज जिथे विरतो, तो खालचा आकडा. काटा ते सांगत नाही. तो आपला हळूहळू दमून थांबतो.

"किती?" मास्तरांनी विचारलं.

"वरचा एकशे अडतीस."

"तो राहू द्या हो. खालचा सांगा."

सिस्टरांनी पट्टा सोडला, त्यातली उरलेली हवा दाबून काढली, नीट घडी घातली.

"चौऱ्याऐंशी."

"बघा!" मास्तर मागच्या रांगेकडे वळून म्हणाले, "हाताला गुण असतो माणसाच्या. दवाखान्यात गेलं की माझा खालचा आकडा शंभराच्या वर नाचतो. सिस्टरांसमोर बसलं की शहाण्या पोरासारखा खाली!"

रांगेतले लोक हसले. हसताना त्यांचे खांदे हलले ते सिस्टरांना दिसलं. त्याही हसल्या.

मास्तर म्हणजे चौकातले टेलरमास्तर. समाजसेवेच्या क्लबात सगळ्यांत जुने, आणि सगळ्यांत बोलके. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये क्लबाचं रक्तदाब तपासणीचं टेबल लागे आणि त्यामागे सिस्टर बसत. इस्पितळातून निवृत्त झाल्यापासून त्यांचा हा रविवार कधी चुकला नव्हता. यजमान गेले त्या महिन्यातसुद्धा त्या आल्या होत्या. समोर कोणीतरी बाही वर करून हात पुढे करतं, आपण तो हातात घेतो, आणि तेवढा वेळ ते माणूस आपल्यावर सोपवलेलं असतं. घरी आता असं काही सोपवलेलं नव्हतं.

कान कधी गेले ते नेमकं सांगता आलं नसतं. आधी त्यांना वाटलं, स्टेथोस्कोपची नळी चिरली असेल. नवीन आणला. दार लावून स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला, हवा सोडली. शांतता तीच होती, फक्त नवी. घरात सून म्हणायची, "आई, एकदा कान दाखवून येऊ या." मुलगा म्हणायचा, "दाखवायचं काय त्यात? आईला नको ते ऐकूच येत नाही, सुखी आहे ती." त्यावर तिघंही हसत. कान दाखवणं पुढच्या आठवड्यावर जाई.

सुखी वगैरे काही नव्हतं. ऐकणं हे आता डोळ्यांचं आणि मानेचं काम झालं होतं. दिवसभर लोकांचे ओठ वाचून संध्याकाळी गालफडं दुखत, जसा तासन्‌तास उन्हात डोळे बारीक करून बसल्यावर चेहरा दुखतो. घरी गेल्यावर त्या दिवा न लावता थोडा वेळ बसून राहत. अंधारात कोणाचे ओठ वाचावे लागत नाहीत.

गेल्या वर्षी क्लबाच्या अध्यक्षांनी बटण दाबलं की दोन्ही आकडे दाखवणारं यंत्र घ्यायचं ठरवलं होतं. चौकातलं हार्डवेअरचं दुकान त्यांचं; यंत्र म्हटलं की त्यांना हुरूप येई. सुटकेचा दरवाजा समोर उघडला होता. पण सगळे एका सुरात म्हणाले, "सिस्टर असताना यंत्र कशाला?" आणि अध्यक्षांनी "तुमचं काय मत?" म्हणून वळून पाहिलं, तेव्हा सिस्टरांच्या तोंडून निघून गेलं, "त्या यंत्रांचा काही भरवसा नसतो."

हे वाक्य त्यांना पुढे कितीतरी रात्री आठवलं.

शेवटचा हात तपासून झाला. टेबल भिंतीला लागलं, खुर्च्या गोलाकार मांडल्या गेल्या, चहा आला. क्लबाची मासिक सभा याच हॉलमध्ये, तपासणीनंतर लगेच. सिस्टर नेहमीप्रमाणे खिडकीकडे पाठ करून बसल्या, म्हणजे सगळ्यांच्या तोंडावर उजेड पडतो. मास्तर त्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसले. तो कान त्यातल्या त्यात बरा होता.

अध्यक्षांनी पितळी घंटा वाजवली. तिचा लोलक हललेला सिस्टरांनी पाहिला.

पहिला विषय दवाखान्यासमोरच्या बाकाचा. क्लबानं बसवलेल्या बाकाचा रंग उडाला होता.

"हिरवा द्या," खजिनदार म्हणाले. ते शाळेतून निवृत्त झालेले, आणि अजून वर्गात असल्यासारखे बोलत.

"हिरवा मागच्या वेळी दिला होता," अध्यक्ष म्हणाले. "लोकांना बाक दिसेना, झुडपात बसल्यासारखं वाटायचं."

"मग लाल द्या."

"दवाखान्यासमोर लाल? पेशंट आधीच घाबरलेला असतो."

"अहो, पेशंट बाकाचा रंग बघायला येतो का? तो टेकायला येतो!" मास्तर ओरडले, आणि सभा हसण्यात बुडाली. अखेर अध्यक्षांच्या गोदामात जो डबा उरला असेल तो रंग, असं ठरलं. मागच्या वेळचा हिरवाही असाच ठरला होता. मग जुने चष्मे गोळा करण्याचं निघालं. कोण कुठे जाणार यावर बरीच तोंडं एकदम हलली, आणि सिस्टरांनी प्रयत्न सोडून दिला. त्या चहाच्या कपाकडे बघत राहिल्या. फार थकायला झालं होतं.

त्यानंतर क्लबाच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकानं उभं राहून महिन्याभरातली एक चांगली गोष्ट सांगायची. खजिनदारांना नात झाली होती. अध्यक्षांच्या गुडघ्याला आराम होता. मग मास्तर उठले. ते इतके जवळ होते आणि इतक्या मोठ्यानं बोलले, की सिस्टरांना शब्द न्‌ शब्द स्वच्छ ऐकू आला.

"माझी चांगली गोष्ट म्हणजे आपल्या सिस्टर. दोन महिने ह्यांच्याकडे माझा खालचा आकडा एकदम व्यवस्थित येतोय. म्हटलं, मग गोळ्या कशाला गिळायच्या? पंधरा दिवसांपूर्वी बंद करून टाकल्या. घरात सांगितलं नाही, बायको डोकं खाईल. आणि आज परत चौऱ्याऐंशी! डॉक्टरांना म्हणावं, शिका जरा."

टाळ्या पडल्या. कोणीतरी म्हणालं, "मास्तर, पण डॉक्टरांना विचारलंत का?"

"विचारायचं कशाला? सिस्टर काय खोटं सांगणार आहेत?"

ते खाली बसले. बसताना सिस्टरांच्या हातावर त्यांनी हलकेच थापटलं. मास्तरांच्या बोटांवर सुई टोचून टोचून घट्ट झालेली कातडी होती. चेहरा लाल होता. हसून लाल झाला होता की कशानं, ते चेहऱ्यावरून सांगता येत नाही; सिस्टर चाळीस वर्षं नव्या मुलींना हेच शिकवत आल्या होत्या.

आता उरला होता तो शेवट. सभा संपवताना अध्यक्षांनी "कोणाला काही सांगायचंय?" असं तीनदा विचारायचं, आणि मगच घंटा वाजवायची. ही पद्धत क्लब काढणाऱ्या जुन्या वकिलांनी घालून दिली होती. ते म्हणत, पहिल्यांदा विचारलं की माणूस मान हलवतो, दुसऱ्यांदा विचारलं की घसा साफ करतो, तिसऱ्यांदा विचारलं की बोलतो. ते गेले, पद्धत उरली. आता तिन्ही प्रश्न एका दमात संपत, आणि तोवर निम्मे लोक चपला शोधत असत.

सिस्टरांना मात्र ते तिन्ही प्रश्न पाठ होते. दोन वर्षं दर सभेला पहिल्या प्रश्नाला त्या मनात वाक्य जुळवत. दुसऱ्याला त्यांच्या छातीत धडधड सुरू होई. तिसऱ्याला त्या पर्स उघडून रुमाल शोधू लागत.

"कोणाला काही सांगायचंय?" अध्यक्षांचे ओठ हलले.

खजिनदारांनी कप खुर्चीखाली ठेवला. मास्तर शेजारच्या माणसाला त्याच्या सदऱ्याची कॉलर कशी चुकली आहे ते समजावत होते.

"कोणाला काही सांगायचंय?"

धडधड सुरू झाली. स्वतःची ऐकू येते का, असा एक वेडा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. येत नव्हती. जाणवत होती फक्त. हात पर्सकडे गेला, आणि मांडीवर परत आला.

अध्यक्षांनी घंटेची दोरी धरली. "कोणाला काही..."

सिस्टर उभ्या राहिल्या. खुर्ची मागे सरकली असावी, कारण सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. अध्यक्षांचा हात दोरीवर तसाच राहिला.

"बोला ना, सिस्टर," ते म्हणाले.

आपला आवाज किती मोठा निघेल, याचा त्यांना हल्ली अंदाज येत नसे. तरी त्या बोलल्या. मास्तरांकडे वळून, त्यांच्या ओठांकडे न बघता, सरळ डोळ्यांत बघून.

"मास्तर, गोळी आज घरी जाऊन घ्या आणि उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा. मी येते बरोबर. तुमचा चौऱ्याऐंशी मी ऐकलेला नाही. कोणाचाच खालचा आकडा मी दोन वर्षांत ऐकलेला नाही, मला ऐकू येत नाही. ज्यांना ज्यांना सांगितला, त्यांच्या घरी जाऊन मी तसं सांगणार आहे. आणि अध्यक्ष, ते यंत्र मागवा. पुढच्या महिन्यापासून मी त्या टेबलावर बसणार नाही."