माझ्या टायमरवरचा लाल ठिपका

मित्रांनो, मी एक जुना एअर फ्रायर आहे, आणि मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. नाही बसला तरी माझं काही अडत नाही. फक्त शेजारचा म्हातारा मिक्सर मध्येच गुरगुरला, तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोटात पंखा बसवताना एक छोटं वादळ चुकून आत अडकलं, ते अजून बाहेर पडलेलं नाही. टायमर मात्र जन्माचा आळशी निघाला. त्याचं एक मिनिट जगाच्या मिनिटापेक्षा चांगलंच ऐसपैस असायचं.

मला घरी आणलं ते एका घड्याळजीच्या बायकोनं. कोंबडीच्या तंगड्या म्हणजे तिचा जीव की प्राण. दही, लसूण, मिरपूड लावून ती त्या मुरत ठेवायची आणि माझ्या जाळीत एकमेकींना न खेटता मांडायची. पहिल्या काही खेपा फसल्यावर तिला बटण कुठवर फिरवायचं ते सापडलं. तिथं तिनं नेलपेंटचा लाल ठिपका लावला. बटण ठिपक्यापर्यंत न्यायचं, मध्ये एकदा तंगड्या उलटायच्या, घंटा वाजली की ताटं घ्यायची. वरून कातडी कुरकुरीत, आत रस! वास असा सुटायचा की पलीकडच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर रोग्याचं तोंड उघडंच ठेवून खिडकीशी यायचा.

"या घरात एवढं एकच यंत्र माझं ऐकतं," ती नवऱ्याकडे बघत म्हणायची.

पुढे ती गेली. मला वरच्या फळीवर ढकललं. माझ्या जाळीत कोळ्यानं आपली जाळी विणली. घड्याळजीबाबा चहा-ब्रेडवर दिवस काढू लागले. एकदा गॅसवर दूध ठेवून ते डोळ्याला भिंग लावून बसले, ते पातेलं कोळसा होईपर्यंत उठलेच नाहीत. लेक धावत आली.

"बाबा, पुरे झालं आता. माझ्याकडे राहायला चला."

"आणि माझी घड्याळं?"

"घड्याळांना भूक लागत नाही. तुम्हाला लागते."

बाबांनी काळ्या पातेल्याकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे. "रविवारी जेवायला ये. आईसारख्या तंगड्या करून घातल्या तर मी इथेच राहणार. नाही जमलं, तर मुकाट्यानं पिशवी भरतो."

त्यांनी मला खाली काढलं, गरम पाण्यानं जाळी धुतली, मला चालू करून कान लावला. "अरे, हा तर मागे चालतोय!"

घड्याळजीच ते! मागे पडणारं चाक दिसलं की हात शिवशिवणारच. त्यांनी टायमरची आतडी वर्तमानपत्रावर मांडली, पुसली, तेल दिलं आणि वेळ अगदी चोख करून टाकली. इथेच घोळ झाला, मित्रांनो. मिनिटं सुधारली, पण बायकोचा ठिपका जुन्या आळशी मिनिटांचाच राहिला.

रविवारी बाबांनी मोठ्या विश्वासानं बटण ठिपक्यापर्यंत नेलं. घंटा वाजली, ते बायकोची ठेवणीतली ताटं आणायला आतल्या खोलीत गेले. लेकीनं एका तंगडीत सुरी घातली. हाडाजवळ मांस गुलाबी! तिचा चेहरा पडला. तिनं दाराकडे पाहिलं. आत बाबा शीळ घालत ताटं पुसत होते.

आता ऐका. कुणाचा हात न लागता मी स्वतःच जाळी आत ओढली, छातीभर श्वास घेतला आणि पुन्हा घरघरू लागलो.

"अजून चालूच?" बाबांनी बाहेर येऊन विचारलं.

"घाई काय आहे, बाबा? कातडी जरा कडक होऊ द्या."

मग दोघं जेवली. बाबांनी हाड चोखून पांढरं केलं आणि हळूच विचारलं, "मग? भरू पिशवी?"

"भरा की. उरलेल्या तंगड्या भरा, मी घेऊन जाते. तुम्ही कुठे निघालात?"

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हा जुन्यांना फळीवर टाकू नका. आमची जाळी धूत जा. आणि आमची खोड मोडण्याआधी जरा थांबा. कुणीतरी त्या खोडीशी जुळवून घेतलेलं असतं. माझंच बघा ना, तो लाल ठिपका मी त्याच दिवशी नुसत्या मनाच्या जोरावर योग्य जागी सरकवला...

"सरकवला कसला, थापाड्या!" मिक्सर ओरडला. "तो आहे तिथेच आहे! बटण त्या पोरीनं फिरवलं. आणि जाताना पर्समधली बाटली काढून पुढे दुसरा ठिपका लावला, तोही गुलाबी! बाबांना काय दिसत नाही होय? रोज पुसतात तुला, ते दोन्ही ठिपके सांभाळून!"