अंधारात दीड मिलिमीटर

ताई शुक्रवारी गेली. आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. आमच्या घरी सध्या तसंच चाललंय. आई चार ताटं मांडते, बाबा चौथ्या ताटाकडे बघून म्हणतात, "आज उशीर झाला वाटतं तिला," आणि मी वाढायला घेतो.

तर, ताई आहे. ग्रंथालयात काम करते. गेल्या वर्षी ती शिडीवरून पडली, हातात कसल्याशा कोशाचा सातवा खंड घेऊन. खंडाला खरचटलंही नाही. ताईच्या खांद्यात दोन स्क्रू बसले आणि दुखणं थांबवायच्या कडक गोळ्या मिळाल्या, पंधरा दिवसांच्या. ते पंधरा दिवस अकरा महिने चालले. मधेच आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमधून उरलेली गोळ्यांची पट्टी हरवली. सगळ्यांनी घर पालथं घातलं. सगळ्यात मन लावून शोधलं ते ताईनेच.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो, म्हणून घरात माझं नाव भिंग्या. एका मंगळवारी दुपारी ती दुकानात आली.

"भिंग्या, संध्याकाळ झाली की मला कपाटांवरचे आकडे दिसत नाहीत. नंबर वाढलाय बघ."

"नंबर नाही, वय वाढलंय."

"चष्मा दे, ज्ञान नको."

एवढं बोलून ती खुर्चीतच पेंगली. मग दचकून उठली आणि नाक खाजवायला लागली. मी म्हणालो, "ग्रंथालयात झोपायला जागा कमी पडते का गं?" ती हसली, पण जरा उशिराने.

आमच्याकडे एक यंत्र आहे. खोलीत अंधार केला की डोळ्यातली बाहुली किती मोठी होते, ते मोजतं. मी दिवा बंद केला. ताईची बाहुली दीड मिलिमीटर. उजेडात दीड, अंधारातही दीड. मी यंत्राला एक चापट मारली. दीड. स्वतःचा डोळा लावला, सहा. मालकांना बोलावून त्यांचा लावला, साडेपाच. म्हणजे यंत्र आमच्या दोघांच्या बाबतीत चोख आणि फक्त ताईच्या बाबतीत बिघडलेलं, असा निष्कर्ष मी काढला आणि कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं. ताईला नवा चष्मा करून दिला. फ्रेम तिनेच निवडली, लाल.

आठवड्याने कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्याने यंत्र उघडलं, पुसलं, परत लावलं.

"यात काहीच बिघाड नाही. कडक गोळ्यांनी बाहुली अशी आकसून राहते. पेशंट काय घेतो?"

"चहा," मी म्हणालो.

त्याने बॅग आवरली.

त्या संध्याकाळी मी ग्रंथालयात गेलो. ताई टेबलावर डोकं टेकून बसली होती, लाल चष्मा कपाळावर.

"ताई, आईची पट्टी तू घेतलीस ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या डोळ्यांनी."

"वा! वकील होणार होतास, चष्मेवाला झालास." मग ती रडायला लागली, अगदी आवाज न करता, तिथे तशी पाटीच लावलेली होती. "खांदा कधीचा दुखत नाही रे. गोळी नाही घेतली तर बाकीचं सगळं दुखतं. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून त्याच गोळ्या लिहून घेते. आईला सांगू नकोस. सोमवारी मी स्वतः जाऊन खरं सांगते त्यांना."

"नक्की?"

"तुझ्या भिंगाची शपथ."

मी हसलो. हसलो म्हणजे मान्य केलं. तो बुधवार होता. सोमवार यायला मध्ये चारच दिवस होते, आणि त्यातला दुसरा कोणता ते मी वर सांगून चुकलोय.

आज दुकानातून पत्र पाठवलं आहे:

"मा. प्रमुख, दुरुस्ती विभाग,

आमच्या यंत्रात बिघाड नसल्याचा आपला अहवाल मिळाला. तो मला मान्य नाही. यंत्राची फेरतपासणी करण्यात यावी आणि दोष सापडेपर्यंत ती थांबवू नये. हा दोष संबंधित मंगळवारी दुपारीसुद्धा होता, असे आपल्या सही-शिक्क्यानिशी लेखी कळवावे, ही नम्र विनंती."