वगळलेले अडुसष्ट

आटपाडीचे बाळासो सरगर सतरा वर्षं लष्कराच्या सिग्नल विभागात होते. केबल टाकायची, तुटली तर जोडायची आणि मधेच कुणी कान लावलाय का ते बघायचं, हे त्यांचं काम. लेक अपेक्षानं सांगलीच्या कॉलेजात एम.टेक.ला असाच विषय घेतला, तेव्हा त्यांनी ते गावभर सांगितलं.

अपेक्षानं संगणकावर सातारा, कराड आणि सांगली जोडणारं लुटुपुटीचं जाळं उभं केलं होतं. त्यात निरोप उलगडायची गुप्त किल्ली प्रकाशाच्या एकेका कणावरून जायची. मधे कुणी कण चोरून वाचला की तो बिघडायचा, चुका वाढायच्या आणि इशारा वाजायचा. दर वेळी मधे एक चोर बसवून तिनं हे हजार वेळा चालवून पाहिलं. अडुसष्ट वेळा इशारा वाजलाच नाही. कराड-सांगलीची लांब केबल मुळातच चुका करणारी. चोरानं दहातला एखादाच कण वाचला, तर त्याच्या चुका केबलच्या चुकांत मिसळून जात. अपेक्षानं ते अडुसष्ट प्रयोग यादीतून काढून टाकले. प्रोग्रॅम अडखळला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

साताऱ्याच्या प्रकल्प-स्पर्धेत तिनं सांगितलं, "प्रत्येक वेळी चोर सापडला." टाळ्या पडल्या. मग शेवटच्या रांगेतून बाळासो उठले.

"मी काय लय शिकल्याला न्हाई. पण केबलच खराब आसली, तर चूक केबलची का चोराची, हे कसं कळायचं?"

अपेक्षाला ते अडुसष्ट आठवले. तरी ती हसली. "आण्णा, ते तुमच्या वेळच्या तारांचं झालं. यात तसं होत नाही."

सगळे हसले. "व्हय, आसंल," म्हणत बाळासो ओशाळून खाली बसले.

पहिला नंबर तिचाच आला. बाहेर बाळासो भेटेल त्याला सांगत होते, "माझा प्रश्नच येडा हुता." ते कानावर पडलं आणि अपेक्षा तशीच मागं फिरली. तिच्या मार्गदर्शक रेश्मा मॅडम सामान आवरत होत्या.

"मॅडम, आण्णांचा प्रश्न बरोबर होता. अडुसष्ट वेळा चोर सुटला. मी ते वगळले."

"का?"

"शंभर टक्के छान दिसत होतं."

मॅडम खुर्चीवर बसल्या. "अगं, चोर कुठून सुटतो हेच तर शोधायचं होतं ना आपल्याला?"

अपेक्षानं परीक्षकांना सगळं सांगून बक्षिसाची ढाल परत केली. माइकवरूनही सांगितलं, पण तोवर हसणारे बरेचजण निघून गेले होते.

आटपाडीच्या एसटीत ती म्हणाली, "आण्णा, मी तुमाला सगळ्यांम्होरं हसले."

"हसलीस त्याचं काय न्हाई. पर ठावं आसून हसलीस व्हय?"

तिनं होकाराची मान हलवली. ते खिडकीबाहेर बघत राहिले. म्हसवडला गाडी थांबल्यावर उतरून त्यांनी दोन चहा आणले.

"गरम हाय, सांभाळून," एवढंच म्हणाले.

अपेक्षाला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.