उत्तरेचं लिंपण

मित्रांनो, मी एक जुनी खोपी आहे. आमच्या लाल वाळवंटातले दिने लोक मला होगान म्हणतात. जुनिपर झाडाचे ओंडके, वर लाल माती, माथ्यावर धुराला भोक आणि दार उगवतीला. गोल खोपीला आमच्यात बाईमाणूस मानतात, म्हणून बोलतेही बाईसारखी. माझ्या उत्तरेच्या अंगाला एक लिंपण आहे, बाकी मातीहून गडद. त्याचीच ही गोष्ट.

जिनं मला बांधलं तिचं नाव मी घेणार नाही. गेलेल्याचं नाव घेतलं की ते माणूस मागे वळून बघतं. आपण तिला म्हातारी म्हणू. तेव्हा ती तरणी होती. नवरा ओंडके रचायचा, ती माती तुडवायची. शेवटी तिनं चारी दिशांच्या ओंडक्यांना मक्याचं पीठ लावलं, आणि मी घर झाले. माझ्या पोटात तिनं लोकर विंचरली, गालिचे विणले, नवऱ्यामागं एकटीनं लेक वाढवली.

लेक देझ्बा. तिचा नवरा हॉस्की शेजारी खोपी बांधून राहिला. आमच्यात जावयानं सासूचं तोंड पाहू नये, डोळे जातात. म्हणून म्हातारीनं कमरेला चांदीची घंटी बांधली. किणकिण आली की हॉस्की हातातलं टाकून झाडाआड. "घंटी वाजली की मेंढ्या येतात, हा पळतो," ती लेकीला म्हणायची. "पायांनी मात्र बरा आहे हो."

एका हिवाळ्यात म्हातारी तापानं पडली. जीव जाण्याआधी माणसाला बाहेर न्यावं, ही रीत. श्वास घरात सुटला तर माणसातलं सगळं वाईट तिथंच राहतं. त्याला चिंडी म्हणतात. मग उत्तरेची भिंत फोडून प्रेत काढतात आणि घर कायमचं सोडतात. बाहेर बर्फ पडत होतं, म्हणून देझ्बा आज-उद्या करत राहिली. एका दुपारी म्हातारी हलेनाशी झाली.

देझ्बा पोटुशी. मेलेल्याला शिवायचं तिला भय. ती रडत बाहेर धावली. हॉस्कीनं कुऱ्हाडीनं माझी उत्तर फोडली आणि मान फिरवून म्हातारीला घोंगडीसकट बाहेर ओढलं. तोंड कुणीच पाहिलं नाही.

जुनिपरखाली घोंगडी टेकली, आणि आतून किणकिण आली. हॉस्की पळाला.

"भूत?" देझ्बानं विचारलं.

"भूत असतं तर थांबलो असतो. तुझी आई आहे."

म्हातारी उठून बसली. माझ्याकडं बघत राहिली. "माझी भिंत कुणी फोडली?"

त्या भगदाडातून वारा शीळ घालायचा. लोक म्हणायचे, चिंडी आहे. मित्रांनो, ती शीळ माझी होती. कुणी आत येईना, देझ्बासुद्धा. म्हातारीला तर नातवंड माझ्याच पोटी जन्मायला हवं होतं. "मी मेलेच नाही तर चिंडी कुणाची?" असं ती सगळ्यांना विचारून थकली. शेवटी एकटीच आत बसून माती लिंपू लागली. दुसऱ्या दिवशी भगदाडाशी बाहेरून एक ओंडका सरकला. म्हातारीनं तोंड फिरवलं आणि ती माझ्याशी बोलली.

"खोपे, बाहेरच्याला सांग, ओंडका वाकडा बसतोय."

ओंडका सरळ झाला.

"खोपे," बाहेरून आवाज आला, "आतल्यांना सांग, चुकलं माझं."

म्हातारीनं मातीचा एक गोळा थापला. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, माती घट्ट कालव."

भिंत मिटली. तिच्या दोन्ही अंगांना त्यांच्या बोटांच्या खुणा आहेत. बर्फ वितळलं तशी देझ्बा आत आली, आणि यानाबा माझ्या पोटी जन्मली.

चार हिवाळ्यांनंतर एका पहाटे म्हातारी उठली. कमरेची घंटी सोडून तिनं झोपलेल्या नातीच्या मुठीत ठेवली आणि उगवतीच्या दारानं स्वतःच्या पायांनी बाहेर गेली. घंटी वाजली नाही, म्हणून लाकडं घेऊन येणारा हॉस्की नेमका तिच्यासमोर आला. तो वळणार, तोच ती पहिल्यांदा त्याच्याशी सरळ बोलली.

"थांब. आधी तोंड बघ माझं. भिंत फोडायचं मग."

त्यानं पाहिलं. ती जुनिपरखाली उगवतीला तोंड करून बसली, आणि ऊन गुडघ्यांवर येईतो गेली. हॉस्कीचे डोळे गेले नाहीत. भरले तेवढे.

मित्रांनो, माझ्या पोटी आता यानाबाची लेकरं रांगतात. तुमच्याही घरी कोपऱ्यात कुणी जुनं माणूस गप्प पडून असेल. ते संपलं असं धरून चालू नका. जवळ जा, एकदा त्याचं तोंड बघा. भिंत लिंपता येते, पण वारा सुटला की माझी उत्तर अजून दुखते.