भलरीतलं नवं कडवं

"तुला आई म्हनू का काकी?"

दोन वर्षांपूर्वी, अंगावरची हळदसुद्धा पुरती उतरली नव्हती तेव्हा, चुलीपुढं उकिडवं बसून जयानं हे विचारलं होतं. फुलाबाई लाजली. "तुला ग्वाड वाटंल ते म्हन," म्हणाली. मग सहा वर्षांची ती पोर दिवसभर घरात-परसात नुसती "आई, आई" करत हिंडली. नवा परकर नेसून बघावा तसा तो शब्द तिनं नेसून बघितला.

यंदा भादव्यात जया गेली. किसन गुराख्याला ओढ्याकाठी सापडली, डोक्यात घाव, केसांत चिखल.

वाडीनं आधी बिबट्या म्हटलं. पण अंगावर नख कुठं दिसेना, तेव्हा डोहातल्या आसरांचं नाव निघालं. बायकांनी पाण्यात हळदकुंकू सोडलं. मग कुणी म्हणालं, पौडाकडं नवा पूल होतोय, पुलाच्या पायाला पोराचा बळी लागतो. पोलिसांनी पुलावरच्या वडारांच्या पालांतून दोन माणसं नेली आणि सोडून दिली. पुण्याच्या पेपरात चार ओळी आल्या, त्यातही वाडीचं नाव चुकलेलं. एवढ्याशा जिवाला कोण मारील, कशापायी? हा प्रश्न घराघरात येऊन बसला होता आणि उठून जायला तयार नव्हता. मग पाणवठ्यावर कुणीतरी हळूच म्हणालं, "सावत्र आई हाय की." सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं.

पोलिसांनी फुलाबाईलाही दोनदा नेलं, दोनदा सोडलं. गाण्यानं मात्र सोडलं नाही.

गाणं रत्नाबाईचं. ओढ्यावरच्या खाचरांचा मालक जयसिंग, त्याची ही बायको. तिच्यासारखा गळा आसपासच्या वाड्यांत नव्हता. कापणीला तिनं भलरी धरली की विळे आपोआप चालायचे. यंदा तिनं जयाचीच भलरी बांधली आणि खाचराखाचरातून ती पुढं गेली. पंचांनी ऐकली, पोरांनी ऐकली. जे साक्षीपुराव्यात बसलं नव्हतं ते चालीत बसलं.

आज सावड फुलाबाईच्या नवऱ्याच्या, भिकूच्या खाचरात होती. सावडीला नाही म्हणता येत नाही. फुलाबाई सगळ्यांच्या भातात राबली होती, तेव्हा सगळ्यांना तिच्या भातात यावंच लागलं. भिकू खाली खळ्यावर होता. आंब्याच्या फांदीला झोळी, झोळीत तिचा सहा महिन्यांचा सोमनाथ. सांजच्याला देवळात बैठक होती. फुलाबाईला माहेरी धाडायचं आणि पोर बापाकडं ठेवायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं. भिकूनंही मान डोलावली होती. म्हणून ती सकाळपासून दर चार मुठींमागं झोळीकडं बघत होती.

आंबेमोहोर भाताचा वास दाटला होता. रत्नाबाईनं सूर लावला, बायांनी झेलला.

*भादव्या महिन्यात, ओढा चालला भरून*
*सावतर आईनं, लेक टाकली मारून*

तिच्याच बांधावर, तिचीच भाकरी खाऊन. फुलाबाईनं मान वर केली नाही. विळा चालू ठेवला.

"रत्ने, त्येच त्येच किती गं?" गंगूबाईनं मधेच टोकलं. "पाठ झालं समद्यांस्नी. गळा आटला का काय तुझा?"

"आटतोय कशाचा!"

"मग काढ की नवं. का भाकरी जास्त झाली?"

बाया हसल्या. रत्नाबाईनं कमरेवर हात ठेवला, डोळे मिटले. असे डोळे मिटले की तिला दिसायचं आणि दिसलं की शब्द यायचे.

*पळाली पळाली, काटं मोडलं पायांत*
*दोन कवळ्या काकड्या, घट्ट धरल्या वच्यांत*

कडवं इतकं सुरेख उतरलं की बायांनी ते लगेच उचललं. दुसऱ्यांदा म्हणताना एकदोघींचे डोळे भरले. परकराचा ओचा धरून पळणारी जया सगळ्यांना समोर दिसली.

फुलाबाईचा विळा थांबला.

"काकड्या कुटनं आल्या वैनी?"

"आँ?"

"जयाच्या वच्यात. काकड्या कुनी बघितल्या?"

"अगं, गानं हाय त्ये," गंगूबाई म्हणाली. "गान्यात येतंय काय बी."

पण धोंडाबाई, फुलाबाईची सासू, कमरेत वाकली होती ती हळूहळू सरळ झाली. तीन महिन्यांत ती सुनेशी बोलली नव्हती. आताही तिच्याकडं न बघताच बोलली.

"पोरीला आंगूळ म्या घातली. परकर म्याच सोडला. वच्यात कायसुदिक नव्हतं."

"सुचलं मला आत्याबाई. नुसतं सुचलं." रत्नाबाई हसली. हसू ओठांवर नीट बसलं नाही.

"आमच्याकडं काकडीचा येलच न्हाई," फुलाबाई म्हणाली. "रानडुकरांनी समद्यांचं येल उपसलं यंदा."

"रत्नीचं ऱ्हायलं की," गंगूबाई सहज बोलून गेली. "वढ्यावरच्या कुडाला लई लागल्या व्हत्या. आमाला एक दिली न्हाई चिंगूसनं."

बोलली, आणि मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. तिनं तोंडाला पदर लावला.

रत्नाबाईनं घाईनं सूर धरला. "भादव्या महिन्यात..." तिनं ओळ पुरी केली आणि झेलायची वाट बघितली. कुणी झेलली नाही. तिनं पुन्हा म्हटली, आणखी वर चढवून. ओळ उघड्या खाचरावरून एकटीच गेली, डोंगराला लागली, परत आली. झोळीत सोमनाथ किरकिरला. फुलाबाई जागची हलली नाही.

"वैनी, सांजच्याला माझं पोर घेत्यात," ती म्हणाली. "अंगावर पितंय त्ये."

रत्नाबाई कापलेल्या भाताच्या पेंढीवर बसली.

"काकड्या म्या उचलल्या," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "दोनच व्हत्या. म्या पोचले तवा पोरगी पडल्याली. मूठ सुटत नव्हती वच्याची. एकेक बोट सोडवलं म्या."

"घरी आले आन् जात्यावर बसले. वाटलं, गानं चालतं ठेवलं तर कुनी आमच्या कुडाकडं बघायचं न्हाई." तिनं कपाळ पुसलं. "रोज त्येच दिसतंय गं. दुसरं काय सुचलंच न्हाई."

धोंडाबाई चिखलातून तिच्यापर्यंत आली. हातात विळा होता, तो तिनं बांधावर ठेवला.

"रत्ने. मारलं कुनी?"

"दांडकं घिऊन मागं धावलं... वढ्याकाठनं. 'चोर, चोर' म्हनत."

"कोन धावलं?"

रत्नाबाईच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. घास भरवताना, पूजेला, हळदीकुंकवाला, जेव्हा जेव्हा बायांनी अडवलं तेव्हा तिनं ते नाव उखाण्यात गुंडाळून घेतलं होतं. आता तिनं मान वर केली.

"जयसिंगानं," ती म्हणाली. "जयसिंगानं मारली."