विळ्याची जागा

रत्नपालनं कणगी पुन्हा बाजूला ढकलली आणि मागं हात घालून चाचपलं. विळा तिथंही नव्हता. बाहेर लालसिंगची जीप हॉर्नवर हॉर्न मारत होती.

“तार तुमाला आली, का विळ्याला?” त्याची बायको ज्योती दारातून म्हणाली. बॅग तिनं केव्हाच जीपमध्ये नेऊन ठेवली होती. “वारंगा फाट्यावरची गाडी गेली म्हंजे बसा मंग!”

“सापडल्याबिगर निघायचं न्हाई.”

आता ह्याला काय म्हणावं! रत्नपाल नौदलात चेतक हेलिकॉप्टरचा मेकॅनिक. तिकडं रिवाज असा, की फळ्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली. पाना उचलला की तिथं आपल्या नावाचा बिल्ला टांगायचा. पाना परत ठेवला की ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा. एक जरी पाना सापडत नसला तर हेलिकॉप्टर जागचं हलत नाही, कारण तो इंजिनात राहिलेला असला तर माणसं थेट समुद्रात. सुट्टीवर आल्या आल्या ह्या पठ्ठ्यानं ओट्यावरच्या भिंतीवर खुरपं, विळा, कुऱ्हाड निळ्या रंगानं काढली, पत्र्याचे बिल्ले कापले आणि घरादाराला कायदा शिकवला. सगळं डोंगरकडा गाव हसलं. त्याची माय रुक्माबाई तेवढी हसली नाही. तिनं नीट विचारून घेतलं होतं.

“एक जरी हत्यार न्हाई सापडलं, तर उडतच न्हाई?”

“न्हाई, माय. साहेब आला तरी न्हाई.”

मग काल कारगिलच्या लढाईपायी सुट्टी रद्द झाल्याची तार आली, आणि आज विळ्याची जागा रिकामी. बिल्लासुद्धा नाही. हा वेडेपणा आहे हे त्याला कळत होतं, तरी पाय उंबऱ्याबाहेर पडेना. त्याचं हेलिकॉप्टर तिकडं दुसऱ्याच कुणाच्या हाती, आणि हा इथं चुलीमागची राख उपसत होता.

“लढाई डोंगरात चालू हाय,” रुक्माबाई म्हणाली. सकाळपासून ती ओट्यावर गोणपाट टाकून बसली होती, जागची हलली नव्हती. “मंग दर्यावाल्याला काहून बोलावून राहिले?”

“बोलावलं की जावं लागतं, माय.”

“फौजी भाऊ, येता का जाऊ मी?” लालसिंग ओरडला.

“आलो!”

रत्नपाल मायच्या पाया पडायला वाकला, तर गोणपाटाखालून विळ्याची मूठ बाहेर आलेली.

त्यानं मान वर केली. रुक्माबाई भिंतीकडं बघत होती. बघता बघता तिनं गोणपाटाची कड मुठीवर ओढून घेतली. ‘ऊठ, माय’ असं त्याच्या तोंडावर आलं, पण ते त्यानं मागं सारलं. त्याला रडू येऊ लागलं.

तो उठला, बिल्ल्यांच्या डब्यातून आपला बिल्ला काढला आणि विळ्याच्या जागी टांगला.

“आता ह्यो काहून?” ज्योती म्हणाली. “विळा तुमी नेऊन राहिले का?”

“व्हय. मीच नेला.” तो मायकडं बघून म्हणाला, “परत ठेवायला मलाच यावं लागल. तवर बिल्ल्याला कुणी हात लावायचा न्हाई.”

मग तो जाऊन जीपमध्ये बसला. जीप वळणावरून दिसेनाशी झाली.

दुपारी शेळ्यांना पाला आणायला निघताना रुक्माबाईनं शेजारच्या जमनाबाईचा विळा मागून घेतला.