सहावं लेकरू

"नक्कल कशाची पाहिजे म्हणालात?" कारकून दिनकररावांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"माझ्याच मिसलीची." सगुणाबाई कचेरीच्या खिडकीचा गज धरून उभी होती. "पोराच्या दाखल्याची मिसल हाय. दोन वरसं झाले, तुमच्या हितंच पडून हाय."

"पडून नाही, बाई. विचाराधीन आहे."

"मंग काय इचार केला तेवढा उतरून द्या. म्या वाचीन."

दिनकररावांनी या खिडकीत बसून जन्म काढला होता. शेताच्या नकला मागणारे, भाऊबंदकीतल्या निकालाच्या नकला मागणारे असे शेकडो लोक त्यांनी पाहिले होते. पण आपल्या अर्जाचं घोडं कुठं अडलं हे बघायला सरकारची सगळी फाईलच उतरवून मागणारी ही पहिलीच. माणूस वाईट नव्हता; सवयीनं नुसता सुस्त झाला होता. त्यांनी बाईकडं पाहिलं, तिच्या हातातल्या तिकीट लावलेल्या अर्जाकडं पाहिलं, आणि "पुढच्या सोमवारी या," म्हणाले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. इथं सहा महिने चार वेळा होऊन गेले होते. एक सोमवार काय, असाच जाईल, असं म्हणून सगुणाबाई आपल्या गावाच्या, झरीच्या गाडीत बसली.

तिचा नवरा सूर्यभान पलटणीत होता. तिथून सुटल्यावर एका पंजाबी दोस्ताच्या नादानं विलायतेला गेला आणि तिथल्या लोखंडाच्या कारखान्यात लागला. दोन वर्षांपूर्वी त्यानं बायकोला आणि एकुलत्या एका आनंदला बोलावून घेतलं. मुंबईच्या विलायती कचेरीनं सगुणाबाईचे कागद तपासले आणि ठीक म्हणून बाजूला ठेवले. मुलाचं मात्र अडलं. हा मुलगा सूर्यभान आणि सगुणाबाई यांचाच आहे, असा तालुक्याचा दाखला आणा, म्हणाले. त्या दाखल्यासाठी ही मिसल उघडली, आणि उघडली ती तशीच राहिली. आता मुंबईहून शेवटचं पत्र आलं होतं. मार्चअखेर दाखला आला नाही तर मुलाचा अर्ज निकालात काढू. तुम्ही एकट्या येऊ शकता.

एकट्या! सगुणाबाईनं ते पत्र वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी नकलेचा अर्ज घेऊन तालुक्याची गाडी पकडली होती.

सोमवारी नक्कल मिळाली. कचेरीच्या पायरीवर बसून तिनं बोट फिरवत एकेक ओळ वाचली. चौथीपर्यंतची शाळा आज कामी आली. अर्ज, त्यावर शेरा, शेऱ्यावर शेरा, आणि मग तलाठ्याचा अहवाल: समक्ष गावी जाऊन चौकशी केली. गावातील सर्व इसम एकमुखाने सांगतात की, सदर मुलगा अर्जदार बाईचा नसून दत्तराव धनगर व त्याची बायको कासाबाई यांचा आहे.

सगुणाबाईनं कपाळावर हात मारला आणि मग तिला हसूच फुटलं. पायरीवर बसलेले लोक वळून बघायला लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा!

कारण गाव खोटं बोललं नव्हतं. सगुणाबाईनं आनंदला खरंच विकलं होतं.

त्याच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून घरात नवस नाही, अंगारा नाही, देव नाही. सूर्यभान या बाबतीत फार कडक. पण तो तेव्हा पलटणीत, आणि मेलेली लेकरं हिच्या मांडीवर. आनंद जन्मला तसा सुईणीनं त्याला सुपात घातलं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवलं. टाकून दिलेल्या पोराकडं मरण बघत नाही, अशी जुनी रीत. मग जिची लेकरं जगतात अशा बाईनं ते उचलायचं, आईला मोल द्यायचं, आणि पोर आपलं म्हणायचं. वस्तीपलीकडच्या धनगरवाड्यातली कासाबाई आली. तिची पाचही लेकरं धडधाकट होती. गावात सगुणाबाईच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं, त्या दिवसांत कासाबाईनं तिचं पोर घेतलं, छातीशी धरलं, आणि पायलीभर ज्वारी तिच्या पदरात ओतली.

पोर पाच वर्षांचं झालं की तेवढंच मोल देऊन परत घ्यायचं असतं. तोवर कोणीही विचारलं, मग तो सरकारचा माणूस का असेना, तरी पोर विकत घेणारीचंच सांगायचं. नाहीतर मरणाला पत्ता लागतो. आनंद पाच वर्षांचा झाला तेव्हा सूर्यभान रजेवर घरी होता. त्याच्या देखत हे कसं करणार? मग तो विलायतेला गेला, आणि आज करू, उद्या करू म्हणत ते राहूनच गेलं. सगुणाबाई विसरली. गाव विसरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी कासाबाई शेळीची धार काढत होती. सगुणाबाईनं तिला सगळा अहवाल वाचून दाखवला.

"बरुबर लिव्हलंय की," कासाबाई म्हणाली. "तलाठ्याला म्याच सांगितलं, माझा हाय म्हून."

"आक्का, त्येच्यापायी पोराची वाट अडलीया. उद्या कचेरीत येऊन सांग, तुझा न्हाई म्हून."

कासाबाईचा हात थांबला. "आन् त्येला काई झालं म्हंजी? इकत घेतलेलं लेकरू मोल न घेता कसं सोडू? तुला शिकल्याली म्हनत्यात. मला भ्या वाटतंय, बाई."

तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सगुणाबाई वाद घालायला आली होती, पण ते पाणी बघून ती शेळीशेजारीच खाली बसली. तेरा वर्षं ही बाई आपल्या पोराला जपत आली, आणि आपण तिला नुसती शेजारीण समजत होतो.

"मंग मोल देते," सगुणाबाई म्हणाली.

"दे. पन उकिरड्यावर न्हाई. जिथं माझा म्हून लिव्हलंय, तिथंच तुझा म्हून लिव्हू दे."

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीनं कधी पाहिली नव्हती अशी वरात तिथं पोचली. पुढं सगुणाबाई, डोक्यावर सूप, सुपात पायलीभर ज्वारी. मागं कासाबाई आणि दत्तराव. शेवटी आनंद, लाजेनं लाल झालेला. दिनकरराव खिडकीतून बाहेरच आले. त्यांनी नक्कल बघितली, सुपाकडं बघितलं, आणि कोणाला न विचारता सगळ्यांना थेट तहसीलदारांपुढं नेऊन उभं केलं.

तहसीलदार तरुण होते, पुण्याकडचे. ऐकता ऐकता ते खुर्चीतून अर्धे उठले. "बाई, माणूस विकणं हा गुन्हा आहे!"

"मंग माझी जवारी मला द्या म्हनावं, साहेब," कासाबाई शांतपणे म्हणाली. "म्या काय गुन्हा करायले का?"

साहेबांनी दिनकररावांकडं पाहिलं. दिनकरराव खोकले. "रीत आहे, साहेब. आमच्याकडं घरोघर आहे. खुद्द माझ्या धाकट्या भावाला आमच्या परटिणीनं घेतलं होतं."

साहेब परत खाली बसले. टेबलावरचे कागद बाजूला झाले. सगुणाबाईनं सूप पुढं केलं. कासाबाईनं मूठभर दाणे उचलून उजेडात धरले.

"रेशनची लाल मिलो तर न्हाई ना आणलीस, दुष्काळातली?"

"शाळू हाय, आक्का. निवडून आणलाय."

दाणे पारखून कासाबाईनं पदर पसरला. सगुणाबाईनं ज्वारी ओतली. कासाबाईनं आनंदचा हात धरला, क्षणभर तसाच धरून ठेवला आणि मग सगुणाबाईच्या हातात दिला.

"घे, तुझं तुला," ती म्हणाली. मग दिनकररावांकडं वळून मोठ्यानं, "आता लिव्हा. हे पोर सगुणीचं हाय. पोटचं हाय. म्या नुसतं राखलं."

दिनकररावांनी जबाब लिहिला. कासाबाईनं आणि दत्तरावानं अंगठे उठवले. मोल देऊन घेतलं हे लिहायचं की नाही यावर थोडी खलबतं झाली, आणि शेवटी "रूढीप्रमाणे" या एका शब्दात सगळं बसलं. दाखल्यावर शिक्का पडला तो आवाज सगुणाबाईला ताशासारखा वाटला. दोन वर्षं झुलवलेलं काम दुपारच्या चहाआधी झालं. कचेरीबाहेर येऊन तिनं सगळ्यांसाठी भजी घेतली. आनंदनं सगळ्यांत जास्त खाल्ली.

मुंबईचा होकार यायला पावसाळा उजाडला. तोवर सगुणाबाईनं नवऱ्याला सगळं खरं लिहून टाकलं होतं. त्याचं उत्तर आलं. सुरुवातीला पानभर राग होता. पण शेवटी एकच ओळ: माझं पोर, आणि पायलीभरच ज्वारी घेतलीस?

निघायच्या आदल्या दिवशी ती कासाबाईकडं बसली होती. सूप, जातं, उखळ, जे नेता येत नव्हतं ते सगळं तिनं कासाबाईच्या ओसरीवर आणून ठेवलं होतं. तेवढ्यात कुटुंब नियोजनाची नर्स आली आणि तिनं पिशवीतून कार्ड काढलं.

"लेकरं किती, मावशी?"

कासाबाईनं तोंड उघडलं. सवयीचा आकडा ओठांवर आला होता, तो तिनं गिळला. पोर परत दिलं होतं, आता खोटं बोलून चालणार नव्हतं.

"पाच," ती हळूच म्हणाली, आणि खाली बघून शेळीच्या गळ्यातलं दावं उगाच सारखं करायला लागली.

सगुणाबाईला ते सोसवलं नाही. "सहा लिव्हा, नर्सबाई," ती म्हणाली. "पाच हितं हायेत. एक उद्या इलायतेला चाललंय."

"आगं येडे!" कासाबाई घाबरली. "पुन्ना अडकंल की तुझी मिसल!"

"अडकू दे. नक्कल कुठल्या खिडकीत मिळती, ते मला म्हाईत हाय."

नर्सबाईला काही कळलं नाही. तिनं सहा लिहिलं आणि ती पुढच्या घरी गेली. कासाबाईनं पदराच्या गाठीतून शाळूचे चार दाणे काढले आणि आनंदच्या नव्या सदऱ्याच्या खिशात घातले.